अंगणवाडीचं ताट आणि अंगणवाडीचं पाकीट: पाचपैकी किती?

अंगणवाडीचं अन्न महाराष्ट्रात दोन रूपांत मिळतं. एक म्हणजे पाकीट. कागदोपत्री ‘घरपोच आहार’, पण सेविकेपासून सीडीपीओपर्यंत, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यापर्यंत, सगळे टीएचआरच (टेक होम रेशन) म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गरोदर बायका आणि स्तनदा माता यांच्यासाठी ते असतं. दुसरं म्हणजे ताट. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार राज्यभर अंगणवाडीतच मिळतो. आदिवासी भागात त्याच्या जोडीला २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे: गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसाचं एक चौरस जेवण, आणि सात महिन्यांवरच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, न खाणाऱ्यांना केळी.

गुण आधीच देऊन टाकतो. ताटाला पाचपैकी चार, पाकिटाला दोन. आणि हे अन्न ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोहोचतं का, या तिसऱ्या विषयात दोन्हींना मिळून दीड. तो दीडसुद्धा सेविका आणि मदतनीस यांच्या पायपिटीमुळे.

पाकिटापासून सुरुवात करू, कारण ते जास्त लोकांना मिळतं.

अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने मोजमाप ठरवून दिलं आहे. मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम. वर्षातले ३०० दिवस. यासाठी २०१७ साली ठरलेले दर असे: मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे १२, मातेमागे साडेनऊ. आठ रुपयांतून एक अंडं घेतलं तर उरलेल्या चिल्लरीत काय शिजेल, याचा हिशेब ज्याने घर चालवलं आहे त्याला वेगळा सांगायला नको. म्हणून पाकिटात धान्य-डाळीची पिठंच येणार, हे दरानेच ठरवून टाकलं आहे.

आतला माल वेळोवेळी बदलला. आधी शिरा, उपमा, सुकडी यांची तयार मिश्रणं होती. करोनाच्या काळात गहू, डाळ-कडधान्य, तिखट, हळद, मीठ असा कच्चा शिधा आला. मग पुन्हा भाजलेल्या धान्य-डाळीत सूक्ष्म पोषक घातलेली, खिचडीसारखी तयार पाकिटं. यातला कच्चा शिधा बायकांना सगळ्यांत जास्त पटला, आणि नेमका तोच दोन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला सगळ्यांत कमी आला असणार. कारण गहू घरच्या गव्हात मिसळतो, डाळ घरच्या डाळीत. तयार मिश्रण वेगळं राहतं खरं, पण त्याची चव अशी की पाकीट गोठ्यात जातं, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. लोकांना आवडेल ते घरात वाटलं जातं आणि वेगळं राहील ते आवडत नाही. पाकिटाचा हा पेच नुसता मसाला बदलून सुटणारा नाही.

वाटलं जाणं म्हणजे नेमकं किती? तयार मिश्रणात १०० ग्रॅमला साधारण ४०० किलोकॅलरी धरल्या तर ५०० साठी रोज १२५ ग्रॅम लागतं. पंचवीस दिवसांचं झालं तीन किलोहून थोडं जास्त. घरात सहा माणसं असतील आणि सकाळी प्रत्येकाला ८० ग्रॅमचा उपमा-शिरा मिळाला तर एका वेळेला अर्ध्या किलोच्या आसपास पीठ जातं. पंचवीस दिवसांचं पाकीट सहा-सात सकाळीत संपतं. ज्या मुलाच्या नावाने ते आलं त्याला त्यातून सहा-सात लहान वाट्या मिळाल्या. यात कोणी चोरी केलेली नाही. भुकेलं घर असंच वागतं.

खिरीत पाणी किती

पाकीट घरात टिकलं तरी दुसरा घोटाळा चुलीवर होतो, आणि त्याबद्दल अंगणवाडीत फारच कमी बोललं जातं. आठ महिन्यांच्या मुलाला एका वेळेला अर्धी वाटी, म्हणजे सव्वाशे मिलीच्या आसपास खाता येतं. पोट तेवढंच असतं. आता १२५ ग्रॅम पीठ म्हणजे अंदाजे एक लहान वाटी. त्यात तीन वाट्या पाणी घालून शिजवलं तर साधारण ६५० मिली घट्ट खीर होते, १०० मिलीला ७५ ते ८० किलोकॅलरी. तेच सहा वाट्या पाण्यात शिजवलं तर सव्वा लिटर होते आणि १०० मिलीला उरतात ४०. दिवसातून तीनदा अर्धी अर्धी वाटी भरवली तर घट्ट खिरीतून पावणेतीनशेच्या पुढे मिळतात, पातळ खिरीतून दीडशे. आईचं दूध सोडून वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांत रोज २०० आणि नऊ ते अकरा महिन्यांत ३०० किलोकॅलरी हव्यात, हे जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप. म्हणजे पाकीट तेच, मूल तेच, आणि फक्त पाण्यामुळे एक पोरगं भरतं तर दुसरं वाळतं.

बायका पातळ का करतात? घट्ट घास घशात अडकेल ही भीती असते, आणि पीठ पुरवायचं असतं. पहिल्यावर उपाय आहे आणि तो घरचा आहे. नाचणी किंवा गव्हाला मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, हलकं गरम करून दळायचं. हेच ते एआरएफ, म्हणजे अमायलेजयुक्त पीठ. खीर घट्टच शिजवायची, खाण्याजोगी कोमट होऊ द्यायची आणि मग चमचाभर हे पीठ घालून ढवळत राहायचं. दोन-चार मिनिटांत चमच्याला गच्च धरून बसलेली खीर सैल होऊन वाहायला लागते. पाण्याचा थेंब न घालता. मोडातलं अमायलेज पिठातल्या स्टार्चचे तुकडे करतं म्हणून हे होतं. त्यानंतर खिरीला एकदा उकळी आणायची आणि निवल्यावर भरवायची. इथे दोन गोष्टी चुकतात. मोडाचं धान्य चवीसाठी खमंग भाजलं जातं, तेव्हा अमायलेज मरतं. नाहीतर ते पीठ चुलीवरच्या रटरटत्या पातेल्यात टाकलं जातं, तेव्हाही तेच होतं. मग बाई म्हणते, काही फरक पडला नाही, आणि तिचं खरंच असतं.

एआरएफ नसेल तर वाटीत छोटा चमचाभर तेल: ५ मिलीत ४५ किलोकॅलरी. चमचा तिरका केल्यावर खीर भळकन खाली आली नाही पाहिजे, एवढी एक खूण भरवणाऱ्या बाईला दाखवली की पाकिटावरच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त काम होतं.

पाकीट घेताना बघायचं ते थोडक्यात: तारीख, वजन, शिवण किंवा सील, आणि उघडल्यावर खवट वास. पावसाळ्यात गाठी झालेलं पीठ चाळून वापरू नये, परत करावं. सेविकेला ते परत घेऊन वर कळवायचं असतं. ती कुरकुर करते कारण वरून बदली माल लवकर येत नाही.

हे पाकीट कोण बनवतं, हाही जुना वाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावच्या बायकांच्या गटांना काम द्या. तरी बचत गटाच्या नावाआड मोठे पुरवठादार येत राहिले, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या घरपोच आहाराची हजारो कोटींची निविदा त्याच न्यायालयाने रद्द केली, कारण अटी अशा होत्या की खरा बचत गट दारातच अडावा. खाणाऱ्या बाईच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. गावात दळलेलं पीठ खवट निघालं तर दळणारीला जाब विचारता येतो. चार जिल्ह्यांपलीकडच्या कारखान्याला कोण विचारणार?

ताट

अमृत आहाराचं जेवण म्हणजे भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा गूळ घालून केलेला लाडू, आणि उकडलेलं अंडं किंवा त्याऐवजी केळी, नाचणीचा पदार्थ असं काही. ठरल्याप्रमाणे वाढलं तर काय हातात येतं ते मांडून बघू. साठ-साठ ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी: ४०० किलोकॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. तीस ग्रॅम डाळीचं वरण: १००, सहा-सात ग्रॅम. भाजी-फोडणीतलं दोन चमचे तेल: ९०. अंडं: ७०, सहा ग्रॅम. तीस ग्रॅमचा लाडू: दीडशेच्या आसपास, चार ग्रॅम. पालेभाजी धरून साडेआठशेला जातं आणि प्रथिनं २८-३० ग्रॅम. कायद्याच्या ६०० पेक्षा चांगलंच जास्त. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर बाईला रोज ३५० किलोकॅलरी जादा आणि शेवटच्या तिमाहीत प्रथिनं २२ ग्रॅम जादा लागतात. घरचं जेवण थोडं कमी झालं तरी हे ताट ती भर घालतं. कागदावरची ही योजना उत्तम आहे आणि हे कुठल्याही सरकारी योजनेबद्दल सहजी म्हणवत नाही.

पण ताटाला चार गुण आहेत ते कॅलरींसाठी नाहीत. सून अंगणवाडीत बसून जेवते, तेव्हा ती सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खात नसते. तिथे सासू नाही, दीर नाही, ‘जास्त खाल्लंस तर पोर मोठं होईल आणि बाळंतपण अडेल’ असं सांगणारं कोणी नाही. पाकिटातले ६०० किलोकॅलरी घराला मिळतात; ताटातले तिच्या पोटात जातात. शिवाय जेवल्यावर समोरच लोहाची गोळी देता येते: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. घरी नेलेल्या पट्ट्या कपाटात सापडतात, हे प्रत्येक आशाताईला माहीत आहे. मळमळ, काळी शी आणि बद्धकोष्ठ ही कारणं खरी आहेत. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. गोळीवर लगेच चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दोन तासांचं अंतर हवं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं. त्या आकड्यावर गोळ्या वाटपाच्या नोंदीने काही होत नाही, गिळलेल्या गोळीने होतं.

अंड्याच्या जागी केळी ही पळवाट मात्र आम्हाला मान्य नाही. जी बाई अंडं खात नाही तिला केळी जरूर द्या. पण अंडी खाणाऱ्या पाड्यात महिनाभर केळीच दिसत असतील तर तो आवडीचा प्रश्न नसून पैशाचा आहे. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, केळ्यात एक ग्रॅम. अंड्यात बी-१२ आहे, केळ्यात नाही. नोंदवहीत मात्र दोन्हींसमोर बरोबरीची खूण.

आता चौथा गुण कसा धोक्यात येतो ते. ताटाचा दर सुरुवातीला २२ रुपये धरला होता, पुढे टप्प्याटप्प्याने ३५ झाला. पैसे आहार समितीच्या खात्यात येतात, आणि सेविकेने गावच्या किराणा दुकानातून माल घ्यायचा. हप्ता वेळेवर आला तर सगळं सुरळीत. दोन-तीन महिने लांबला की पुढचं सगळं ठरलेलं असतं: आधी दुकानदार उधारी देतो, मग लाडू आठवड्यातून दोनदा होतो, मग डाळ पातळ होते, मग अंड्याचं केळं होतं आणि एक दिवस ‘गॅस संपला’ म्हणून चूल बंद. सेविका स्वतःच्या मानधनातून तेल आणते तोवर बाहेरच्याला काही कळत नाही. अंड्याचा भाव हिवाळ्यात चढतो आणि योजनेचा दर बाराही महिने एकच, हे गणित दर डिसेंबरात बिघडतं. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने त्या दिवशीचं ताट चाखण्यापेक्षा दुकानदाराची उधारीची वही बघावी. ताटाची तब्येत तिथे कळते.

एक बारीक गोष्ट, पण वारंवार दिसणारी. बाई जेवायला येते तेव्हा कडेवर एक आणि पदराला एक असतं. तिच्या ताटातलं अंडं पदराच्या हातात जातं. रागावून उपयोग नाही, कुठलीही आई हेच करील. मुलांच्या आणि मातांच्या अंड्याचे दिवस एकच ठेवले तर निम्मा प्रश्न मिटतो. काही ठिकाणी ते वेगळे असतात, केवळ अंडी आणायची सोय म्हणून.

कोणाच्या वाट्याला काय

दीड गुणाचं कारण इथे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं लुकडी, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेली निघाली. देशाची सरासरी १९.३. देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एकाचा हा आकडा. नंदुरबारमध्ये वयाच्या मानाने कमी वजनाची मुलं निम्म्याहून जास्त. देशपातळीवर खुजेपणाचं, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंचीचं, प्रमाण सगळ्यांत गरीब पंचमांशात ४६ टक्के आणि सगळ्यांत श्रीमंतांत २३. आई शाळेतच गेली नसेल तर ४६, बारावी किंवा पुढे शिकली असेल तर २६. आदिवासी मुलांत ४१ च्या आसपास, अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गीयांत न मोडणाऱ्यांत ३०. म्हणजे सेवेची गरज कुठे आहे याबद्दल संशय घ्यायला जागा नाही. आणि सेवा नेमकी तिथेच जाऊन विरळ होते.

पहिलं कारण अंतर. आदिवासी भागात ३०० ते ८०० वस्तीला एक अंगणवाडी, त्याहून लहान पाड्याला मिनी अंगणवाडी, असा निकष आहे. पण पाडे डोंगरभर विखुरलेले असतात आणि अंगणवाडी मूळ गावात, रस्त्याच्या कडेला, शाळेजवळ. आठव्या महिन्याची बाई ओढा ओलांडून दुपारच्या जेवणाला रोज येणार नाही. भातलावणीत तर नाहीच, कारण तिथे जायचं तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. मग मदतनीस डबा पाठवते. डबा घरी गेला की ताटाचं पुन्हा पाकीट झालं. त्यावर एकच उपाय काम करताना दिसतो: पाड्यातल्याच एका घरी शिजवून तिथेच चार-पाच जणींना एकत्र बसवणं. नियमात त्याला मोकळीक देणं अवघड नाही.

दुसरं कारण जात आणि वस्ती. अंगणवाडी मुख्य वस्तीत आणि दलित, पारधी किंवा कातकरी वस्ती गावाबाहेर, हे चित्र पश्चिम महाराष्ट्रातल्या सधन गावांतही आहे. कागदावर मुलं पटावर असतात, आहार मात्र महिन्याने जो येईल तो घेऊन जायचा. कोण कोणाच्या हातचं खातं हा प्रश्न तर शिजवलेल्या अन्नाला चिकटलेलाच आहे. पाकिटाच्या बाजूने बोलणारे हे कारण हळूच पुढे करतात. आमच्या मते ते उलट वाचायला हवं: जिथे मुलं एका पंक्तीत बसत नाहीत तिथे पंक्तच जास्त गरजेची आहे.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं कारण स्थलांतर. जव्हार-मोखाड्यातून वीटभट्ट्यांवर, रायगडचे कातकरी कोळसाभट्ट्यांवर, धडगाव-अक्कलकुव्यातून गुजरातेत उसावर, बीडमधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसावर. दिवाळीच्या सुमाराला घर बंद होतं ते उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे वर्षाच्या ३०० दिवसांपैकी निम्मे दिवस लाभार्थी गावात नसतो. राज्याने स्थलांतर नोंदवण्यासाठी महा-एमटीएस प्रणाली केली, पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या केंद्राच्या ॲपमध्येही नाव दुसऱ्या अंगणवाडीत हलवता येतं. अडचण ही की भट्टीजवळच्या अंगणवाडीला त्या मुलांसाठी आहार आधी मागवायला लागतो, आणि मुकादम टोळी कुठल्या गावात नेणार हे बाईला निघताना माहीत नसतं. शिवाय अमृत आहाराची हद्द अनुसूचित क्षेत्राची. बीडची ऊसतोड करणारी बंजारा किंवा दलित गरोदर बाई पहाटे चारला मोळ्या बांधत असली तरी ती या ताटाच्या नकाशातच नाही. गोवंडी-मानखुर्दच्या झोपडपट्टीतली बाईही नाही. तिथे पाकीटच.

याच्यावर आता चेहरा ओळख आली आहे. पोषण ट्रॅकर २०२१ पासून आहे. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचं ई-केवायसी आणि फोटो जुळणं केंद्राने सक्तीचं केलं. बोगस नावं गळावीत हा हेतू, आणि बोगस नावं असतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रक्रिया बघा. आधार हवं, आधारशी जोडलेला मोबाइल हवा, त्यावर ओटीपी यायला हवा, मग फोटो जुळायला हवा. नवी सून असेल तर आधारवर माहेरचं नाव. मोबाइल नवऱ्याचा आणि नवरा भट्टीवर. पाड्यात रेंज नाही. बाळंतपणानंतर चेहरा सुकलेला आणि आधारवरचा फोटो शाळेतला. शिकलेल्या, रस्त्याकडेच्या घरात हे पाच मिनिटांत होतं. बाकीच्यांना ‘पुढच्या वेळी या’. गळती थांबवायला लावलेली चाळणी आधी याच बायकांना गाळते.

मोजमापाचंही बोलायला हवं, कारण ८०० किलोकॅलरीचं पाकीट कोणाला आणि ५०० चं कोणाला हे त्यावर ठरतं. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर मूल तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्यम. तो मोजायची पट्टी सोपी आहे, पण घट्ट ओढली किंवा ढिली सोडली तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. जास्त चुका लांबी-उंचीत होतात. दोन वर्षांखालचं मूल आडवं मोजायचं, वरचं उभं. उलट केलं तर ०.७ सेंटिमीटरचा फरक धरायला लागतो. आडव्या मुलाचे गुडघे वाकलेले राहिले तर लांबी कमी येते, आणि त्या कमी लांबीला तेच वजन पुरेसं दिसतं. झालं, तीव्र कुपोषित मूल कागदावर सुधारलं. दोघींनी मिळून मोजायचं असतं: एकीने डोकं फळीला टेकवायचं, दुसरीने गुडघे दाबून पाय सरळ धरायचे. मदतनीस स्वयंपाकात असेल तर सेविका एकटी हे करूच शकत नाही. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का हेही बघायचं असतं. सूज असलेलं मूल काट्यावर चांगलं भरतं आणि तेच सगळ्यांत धोक्यात असतं.

तीव्र कुपोषित ठरलेलं आणि चांगली भूक असलेलं मूल गावातच ग्राम बाल विकास केंद्रात दाखल व्हावं, ताप, सूज, भूक नसणं अशी गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात, साधारण १४ दिवस. कागदावर ही साखळी नीट आहे. आई घरच्या बाकीच्या मुलांना सोडून तालुक्याला चौदा दिवस राहू शकत नाही, ही तिची कच्ची कडी. बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. ती निघताना हातात पडली तर बाई राहते, तीन महिन्यांनी खात्यात येणार असेल तर तिसऱ्या दिवशी पळून जाते.

आहार मिळालाच नाही तर काय करायचं, हे फलकावर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहितो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४ आणि ५ मध्ये माता-मुलांचा हक्क आहे आणि कलम ८ प्रमाणे ठरलेलं अन्न मिळालं नाही तर राज्य सरकारकडून अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. तोंडी तक्रार सेविकेकडे करून काही होत नाही, कारण बहुतेक वेळा तिच्याही हातात काही नसतं, आणि उगाच तिच्याच मागे नोटीस लागते. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावे, प्रत जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला, तिथेही दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोगाकडे. अर्जात अंगणवाडीचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहार मिळाला नाही, किती मुलं आणि माता, आणि चेहरा जुळला नाही म्हणून परत पाठवलं असेल तर ती तारीख वेगळी. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर उत्तम. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.